बोरिंग फुटबॉल खेळवणारा बॉब हॉटन

भारताच्या टीमचे परदेशी कोच म्हटलं की आता लोक स्टिमॅक आणि कॉन्स्टंटाईन या दोन नावांवरच थांबतात. बॉब हॉटनचं नाव काढलं की एकतर "हा कोण?" असं विचारतात नाहीतर "अरे तो लाँग बॉलवाला ना, काय बोर खेळवायचा राव". असं म्हणणारे बरेचसे गोव्याचे असतात आणि त्यांचं अगदीच चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण या माणसाचं पूर्ण करिअर बघायला घेतलं की गंमत वाटते, बहुतेक ठिकाणी लोकांनी त्याला बोर म्हणून नावं ठेवली आणि त्यातल्याच बऱ्याच ठिकाणी त्याने टीमला तिच्या लायकीपेक्षा वर नेऊन बसवलं. फक्त तो गेल्यावर मागे काय उरलं हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे, आणि मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय.

प्लेयर म्हणून असलेला भाग आधी उरकून घेऊ कारण तो फार नाहीच. १९४७ चा जन्म, इंग्लंडच्या दक्षिणेकडे ससेक्समधलं लुईस नावाचं गाव. फुलहॅमला ज्युनियर म्हणून होता, मग ब्रायटन, पण नाव व्हावं असं काही झालं नाही, आणि मग खालच्या नॉन-लीग क्लबांत, हेस्टिंग्ज, मेडस्टोन वगैरे. त्याच्या वयाची पोरं फर्स्ट टीममध्ये जागा मिळवायला धडपडत होती तेव्हा हा कोचिंगचे कोर्स करत होता. मेडस्टोनला त्याच्यासोबत त्याचा शाळेपासूनचा एक मित्र होता, तोही प्लेयर म्हणून बेताचाच, रॉय हॉजसन. हो तोच, पुढे इंग्लंडचा मॅनेजर झालेला.

१९७४ मध्ये स्वीडनच्या माल्मो क्लबने हॉटनला कोच म्हणून नेलं तेव्हा तो २६ वर्षांचा होता. सव्वीस! टीममध्ये बो लार्सनसारखा त्याच्यापेक्षा वयाने मोठा, वर्ल्ड कप खेळलेला प्लेयर, आणि समोर शिट्टी घेऊन उभा हा नॉन-लीगमधून आलेला पोरगा. तेव्हा स्वीडनमध्ये जर्मन वळणाचं फुटबॉल चालायचं, म्हणजे डिफेंडरने आपापला माणूस पकडायचा, तो जाईल तिथे त्याच्या मागे जायचं आणि सगळ्यांच्या मागे एक मोकळा लिबेरो, म्हणजे कुणालाही न पकडणारा डिफेंडर. हॉटनने येऊन हे सगळं बंद केलं. माणूस पकडायचा नाही, जागा पकडायची.

म्हणजे नेमकं काय ते सांगतो कारण हे "झोनल, झोनल" सगळे म्हणतात पण डोळ्यासमोर येत नाही. समजा बॉल समोरच्या टीमच्या राईट विंगरकडे आहे. आपला लेफ्ट बॅक त्याच्या अंगावर जातो, त्याच क्षणी दोन्ही सेंटर बॅक डावीकडे सरकतात आणि पलीकडचा राईट बॅक आपली बाजू चक्क मोकळी सोडून जवळजवळ मधे येऊन उभा राहतो, जणू चौघांच्या कमरेला एकच दोर बांधलाय. त्यांच्या पुढच्या मिडफिल्डच्या चौघांनीही तेच करायचं. विंगरने बॉल मागे खेळला की सगळी लाईन एकदम पुढे, म्हणजे समोरचे स्ट्रायकर ऑफसाईडमध्ये अडकतात. यात कुणीही हुशार असायची गरज नाही, पण एक जण जरी अर्धा सेकंद उशिरा सरकला तर सगळं गेलं. त्यामुळे हे रोज घोटून घ्यावं लागतं, तेच तेच, कधी कधी समोर टीमसुद्धा न ठेवता. प्लेयर कंटाळणारच. स्वीडनमध्ये तर यावरून पेपरांतून मोठा वाद झाला, हे इंग्लिश लोक आपल्या प्लेयरांचे रोबो करतायत, आपल्या खेळाचा आत्मा मारतायत वगैरे वगैरे.

आणि रिझल्ट? माल्मोने १९७४, १९७५ आणि १९७७ ची लीग जिंकली. हॉटनने मधल्या काळात हॉजसनला पण स्वीडनला आणलं होतं, त्याला हाल्मस्टाड मिळालं, आदल्या वर्षी रडतखडत लीगमध्ये टिकलेला क्लब, त्याने तो घेऊन १९७६ ची लीग मारली आणि परत १९७९ ची. थोडक्यात १९७४ ते १९७९ या सहा वर्षांत पाच टायटल या दोन मित्रांकडे गेली. मग रोबो म्हणा नाहीतर काय म्हणा.

१९७८-७९ चा युरोपियन कप म्हणजे आत्ताची चॅम्पियन्स लीग, तेव्हा फक्त देशांचे चॅम्पियन खेळायचे. माल्मोची टीम सगळी स्वीडिश. मोनॅको, डायनॅमो कीव, क्राकोचा विस्वा आणि ऑस्ट्रिया व्हिएन्ना यांना काढून ते फायनलला पोचले. फायनलच्या आधीच्या आठ मॅचेसमध्ये त्यांनी फक्त तीन गोल खाल्ले आणि ते तिन्ही विस्वाविरुद्ध, बाकी सहा मॅचेस क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाता. कीवसारख्या टीमला दोन मॅचमध्ये एक गोल मारता आला नाही यावरून समजून घ्या काय भिंत असेल.

३० मे १९७९, म्युनिक. समोर नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि त्यांच्या बेंचवर ब्रायन क्लफ. हे दोन इंग्लिश मॅनेजर शेजारी उभे करून बघा, क्लफ म्हणजे २७४ लीग मॅचमध्ये २५१ गोल मारलेला स्ट्रायकर, गुडघा गेला नसता तर अजून कितीतरी मारले असते, टीव्हीवर तोंडाला येईल ते बोलणारा, सगळ्या देशाला माहीत असलेला माणूस. आणि हॉटन ३१ वर्षांचा, इंग्लंडमध्ये त्याला कोण ओळखणार. माल्मोचे बो लार्सन आणि रॉय अँडरसन दोघेही दुखापतीने बाहेर, त्यामुळे जिंकण्यापेक्षा अडवण्यावरच सगळा भर. हाफटाईमच्या तोंडावर फॉरेस्टच्या रॉबर्टसनने डावीकडून दोन जणांना चकवून क्रॉस टाकला आणि लांबच्या पोस्टला ट्रेव्हर फ्रान्सिसने डोकं लावलं. फ्रान्सिस म्हणजे ब्रिटनचा पहिला दहा लाख पाउंडांचा प्लेयर आणि युरोपियन कपमधली ही त्याची पहिलीच मॅच. १-०, संपलं. ती मॅच खरंच रटाळ होती, हे हॉटनच्या बाजूने लिहीत असूनही मान्य करतो. पण आजपर्यंत दुसरा एकही स्वीडिश क्लब त्या फायनलपर्यंत पोचलेला नाही.

(त्या वर्षी इंटरकॉन्टिनेंटल कप, म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या चॅम्पियन क्लबांमधला सामना, खेळायला फॉरेस्टने नकार दिला म्हणून त्यांच्या जागी माल्मो खेळलं, पॅराग्वेच्या ऑलिंपियाविरुद्ध, आणि दोन्ही लेग हरलं. घरच्या मॅचला पाच हजार लोकसुद्धा आले नव्हते. बोर फुटबॉलचा परिणाम म्हणायचा.)

मधली वर्षं भराभर सांगतो. १९८० मध्ये हॉजसनला सोबत घेऊन ब्रिस्टल सिटी, तिथे टीम खालीच घसरत गेली आणि क्लबचं दिवाळं निघायची वेळ आली, त्यात कोच काय करणार आणि काय नाही हा प्रश्नच आहे, पण इंग्लंडमध्ये त्याचं नाव झालं नाही ते झालंच नाही. मग कॅनडात टोरंटो ब्लिझर्ड, तिथे १९८३ आणि १९८४ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन लीगची फायनल आणि दोन्ही हरला. पुढे परत माल्मो. चीनची नॅशनल टीम, १९९८ च्या बँकॉक एशियन गेम्समध्ये ब्राँझ.

आणि मग उझबेकिस्तान, इथे मात्र जरा थांबायला पाहिजे कारण असलं नशीब दुसऱ्या कुठल्या कोचच्या वाट्याला आलं असेल असं मला वाटत नाही. सप्टेंबर २००५, वर्ल्ड कप क्वालिफायिंगचा प्लेऑफ, ताश्कंदमध्ये उझबेकिस्तान वि. बहारीन. उझबेक १-० ने पुढे होते आणि त्यांना पेनल्टी मिळाली, ती मारली, गोल झाला. पण किक मारायच्या आधी एक उझबेक प्लेयर बॉक्समध्ये घुसला होता. नियमाने अशा वेळी पेनल्टी परत मारायला द्यायची असते. जपानी रेफ्रीने काय केलं, गोल रद्द केला आणि बहारीनला फ्री किक दिली. मॅच १-० अशीच संपली. उझबेक असोसिएशनने तक्रार केली की रेफ्री चुकला, आम्हाला ३-० असा विजय द्या. फिफाने मान्य केलं की हो रेफ्री चुकला, आणि मग सांगितलं की मॅचच रद्द, परत खेळा! परत खेळली ती १-१ झाली, बहारीनमध्ये ०-०, आणि अवे गोलवर, म्हणजे परक्या मैदानावर मारलेल्या गोलमुळे, बहारीन पुढे. म्हणजे जिंकलेली मॅच स्वतःच तक्रार करून घालवली.

२००६ मध्ये हा माणूस भारतात आला. तेव्हा आपली अवस्था काय होती ते आठवत असेल तर आठवा, नसेल तर चांगलंच आहे. त्याने इथेही तेच केलं, ४-४-२ (चार डिफेंडर, चार मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर), दोन लाईन, जागा पकडा, बॉल जिंकला की उगाच मधे खेळत बसू नका, बायचुंग किंवा सुनील छेत्रीकडे लांब टाका. २००७ चा नेहरू कप दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर, फायनलमध्ये सीरियाला १-० ने हरवलं, गोल एन. पी. प्रदीपचा. १९८२ पासून ही स्पर्धा आपणच भरवत होतो आणि ती आपण पहिल्यांदा तेव्हा जिंकली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये लेबनॉनकडून तिकडे ४-१ ने मार खाल्ला आणि मडगावला फातोर्ड्यावर २-२, म्हणजे वर्ल्ड कपचा विषय संपला. २००८ चा एएफसी चॅलेंज कप आपल्याकडेच होता, अफगाणिस्तानविरुद्ध गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्सने अगदी शेवटी गोल मारून वाचवलं (नाव सार्थ केलं पठ्ठ्याने), आणि फायनलला ताजिकिस्तानविरुद्ध ४-१, छेत्रीची हॅटट्रिक. त्या एका कपने आपल्याला २०११ च्या एशियन कपचं तिकीट मिळालं, १९८४ नंतर पहिल्यांदा. कमजोर देशांच्या स्पर्धेतून मागच्या दाराने गेलो असं म्हणणारे आहेत, बरोबर आहे त्यांचं, पण दार होतं आणि आपण त्यातून गेलो, बाकीचे नाही गेले.

२००९ ची नेहरू कप फायनल मी टीव्हीवर बघितली आहे. परत सीरिया. एक्स्ट्रा टाईममध्ये रेनेडी सिंगची फ्री किक आत गेली आणि आम्ही नाचायला लागलो तोवर शेवटच्या क्षणी सीरियाने बरोबरी केली. मग पेनल्टी, आणि आपला गोलकीपर सुब्रत पाल. ५-४. त्या टीममध्ये महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा असे गोव्याचे कितीतरी जण, शिवाय मुंबईचा स्टीव्हन डायस. ज्या गोव्यात छोट्या पासचं फुटबॉल आवडतं त्याच गोव्याच्या पोरांना घेऊन हॉटन लांब बॉलचं फुटबॉल खेळत होता, त्यामुळे तिकडच्या लोकांचा राग मला समजतो. त्याच काळात कोच आर्मांडो कोलासोंचं डेम्पो, गोव्याचाच क्लब, सुंदर पासिंग करून लीग जिंकत होतं, मग नॅशनल टीमने असं का खेळायचं?

माझं उत्तर सोपं आहे, डेम्पोसमोर दक्षिण कोरिया नव्हता. जानेवारी २०११, दोहा. ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहारीनकडून २-५ (परत बहारीन! इस्माईल अब्दुललतीफने एकट्याने चार मारले), कोरियाकडून १-४. कोरियाविरुद्ध सुब्रत पालने इतके बॉल अडवले की मोजायचं सोडून दिलं. त्याच मॅचमध्ये सॉन ह्युंग-मिन नावाच्या १८ वर्षांच्या पोराने कोरियासाठी आपला पहिला गोल मारला. तीन मॅचेस, तेरा गोल खाल्ले, तीन मारले. दोन लाईन करून उभं राहिल्यावर ही गत, तर पासिंग करायला गेलो असतो तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

पण इथेच मला हॉटनबद्दलचा खरा आक्षेप आहे आणि तो बोर खेळाचा नाही. स्वीडनमध्ये तो क्लबचा कोच होता, प्लेयर रोज हाताखाली, वर्षानुवर्षं. शिवाय शेजारच्या क्लबांत हॉजसन होता, आणि त्या दोघांना बघून शिकलेला एक तरुण स्वीडिश कोच पुढे गोथेनबर्गला गेला आणि तसंच ४-४-२ खेळवत त्याने १९८२ चा यूएफा कप जिंकला. त्याचं नाव स्वेन-गोरान एरिकसन, २००१ मध्ये इंग्लंडचा पहिला परदेशी मॅनेजर झाला तोच. इंग्लिश लोकांनी स्वीडनला शिकवलं आणि स्वीडिश माणूस ते घेऊन इंग्लंडला आला. भारतात हॉटनने यातलं काय केलं? पोर्तुगाल, बार्सिलोना, दुबई असे लांबलचक कॅम्प. प्लेयर क्लबकडून काढून घ्यायचे, बाहेर नेऊन घोटून घ्यायचं. इथली मैदानं, इथल्या सोयी यांवर तो उघडपणे टीका करायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं, पण कॅम्प संपला की प्लेयर परत आपल्या क्लबमध्ये जाऊन दुसरंच काहीतरी खेळणार. त्या चौघांच्या सरकण्याची सवय एकाही क्लबने उचलली नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये वादावादी होऊन त्याचं आणि फेडरेशनचं फाटलं, त्याच्या जागी आले कोण तर डेम्पोचे कोलासो, आणि पुढच्या म्हणजे २०१५ च्या एशियन कपला आपण पोचलोच नाही.

फेडरेशनचा दोष आहेच, त्यावर लिहायला बसलो तर वेगळी पोस्ट होईल. पण हॉटनने एखादा भारतीय कोच हाताशी धरून, तू तुझ्या क्लबला जाऊन हेच कर, असं केलं असतं तर? त्याला हे कसं चालतं ते सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, हॉजसनच्या वेळी त्याने स्वतःच केलं होतं ना.

आता त्याचे प्लेयर कोच झालेत. क्लिफर्ड मिरांडाने २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. त्याच वर्षी सॅफ कपच्या फायनलला स्टिमॅकवर बंदी होती म्हणून टचलाईनवर महेश गवळी उभा होता आणि कुवेतला पेनल्टीवर हरवलं. हॉटनच्या हाताखाली सरकून सरकून कंटाळलेली ही माणसं आज स्वतः कोचिंग करताना त्यातलं काही वापरतात का, की कॅम्पसोबत तेही विसरले, हे त्यांना कुणीतरी मुलाखतीत नीट विचारा ना. दर वेळी आवडता प्लेयर कोण हेच काय विचारता.