मोबाईल काढून घेऊ का?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा फोनवर येतो आणि विचारणारी बहुतेक वेळा आई असते. मुलगा बारावीनंतर पुण्याला गेलाय, पहिल्याच वर्षी चार विषय राहिलेत, रात्रभर गेम खेळतो. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की मीही यातून गेलेय. "तुझा मोबाईल कुणी काढून घेतला होता का? आम्ही काढून घेऊ का?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. हो किंवा नाही एवढंच सांगून फोन ठेवला की दिवसभर मला चुकल्यासारखं वाटत राहतं.

माझा मोबाईल कुणी काढून घेतला नाही. पण सरकारने गेमच काढून घेतला होता. 2 सप्टेंबर 2020 ला पबजीसकट 118 अ‍ॅपवर बंदी आली. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. ज्यांच्या फोनमध्ये गेम आधीपासून होता त्यांचा तो चालूच राहिला. 30 ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले आणि 31 तारखेला रात्री दहा वाजता आम्ही चौघं दुसऱ्या तसल्याच गेममध्ये हजर होतो. मधे एक रात्र गेली, तेवढीच.

आम्ही चौघं म्हणजे कोल्हापूरचे दोघं, नागपूरचा एक आणि मी. 2018 च्या पावसाळ्यात एका मॅचमध्ये योगायोगाने एकत्र आलो आणि मग रोजचेच झालो. मुलीचा आवाज ऐकला की अनोळखी लोक काय काय बोलतात ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, म्हणून माझा माइक कायम बंद असायचा. त्यांचं बोलणं मी ऐकायची, उत्तर टाईप करायची. अडीच वर्षं त्यांना मी मुलगा वाटत होते.

मी तेव्हा पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहायचे. मूळची लातूरची. शाळेत पहिली-दुसरी येणारी मुलगी इंजिनिअरिंगला आली आणि पहिल्या सहामाहीतच तिला समजलं की इथे सगळेच शाळेत पहिले आलेले आहेत. वर्गात प्रश्न विचारायची माझी हिंमत गेली. दुसऱ्या वर्षी एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला. लाप्लास, फुरिए, व्हेक्टर कॅल्क्युलस, पुस्तक उघडलं की छातीत धडधडायचं. आणि रात्री दहाला तीन जण लिहायचे, "कुठे आहेस? तुझ्याशिवाय सुरू करत नाही." दिवसभरात माझी वाट बघणारी तीच तीन माणसं होती.

गेमची रचना इथे समजून घ्या, कारण "नुसता टाइमपास" म्हणून हा विषय झटकला जातो. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, खेळायची जागा आकसत जाते, शेवटी एक जण किंवा एक टोळी उरते. मॅच फार तर अर्ध्या तासाची, म्हणून "एकच खेळू" हे दर वेळी खरं वाटतं. मधे थांबता येत नाही. तुम्ही उठलात तर साथीदार एकाने कमी होतात आणि शिव्या खातात ते तुमच्यामुळे. ब्राँझपासून कॉन्कररपर्यंत पायऱ्या असतात आणि साधारण दोन महिन्यांचा सीझन संपला की रँक खाली घसरतो, पुन्हा चढायचं. कधी जिंकाल ते मात्र कळत नाही. बक्षीस कधी येईल हे माहीत नसलं की प्राणी ते मिळवण्यासाठी जास्त चिवटपणे धडपडत राहतो, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर आणि कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं. एम-थ्रीमध्ये मात्र सहा महिने घासून एकदाच निकाल लागतो, आणि माझा तो दर वेळी एकच लागत होता.

2019 च्या उन्हाळ्यात वायडी लागला, म्हणजे वर्ष गेलं. मी घरी सांगितलं नाही. पुढे कित्येक महिने अण्णा, म्हणजे माझे वडील, दर महिन्याला पैसे पाठवत राहिले आणि मी कॉलेजला जातेय असं त्यांना वाटत राहिलं. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, गेममध्ये घालवलेल्या तासांपेक्षाही जास्त. मेसचा डबा दुपारचा रात्री खायचे, कधी तसाच परत जायचा. डबा पोचवणाऱ्या मावशींनी एकदा दारात थांबून विचारलं, "बाळा, आजारी हायस का?" मी नाही म्हणून दार लावलं. दिवसभरात तेवढंच एक वाक्य बोलले असेन.

टाळेबंदीत लातूरला आले आणि सगळं उघडं पडलं. आई रडली. अण्णा रागावले नाहीत. दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत, ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

सर्व्हर बंद व्हायच्या आदल्या रात्री मी सगळ्या सीझनचे आकडे आठवण म्हणून वहीत उतरवून घेत होते. बेरीज नऊ हजार मॅचच्या वर गेली. एका मॅचला सरासरी वीस मिनिटं धरली तरी तीन हजार तास. मी ती वही अण्णांपुढे ठेवली. का ठेवली ते मला अजून नीट सांगता येत नाही.

अण्णा एसटीत कंडक्टर. त्यांनी वही उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "माय, हा हिशोब शेवटी केलायस. वे-बिल असं भरत नसतेत." तिकिटाची मशीन यायच्या आधी कंडक्टरला प्रत्येक स्टेजला, म्हणजे भाड्याच्या टप्प्याला, तिकिटांचे नंबर वे-बिलावर, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदावर, लिहावे लागत. डेपोत गेल्यावर एकदम लिहू म्हटलं की हिशोब लागत नाही, आणि मधेच तपासनीस चढला तर पंचाईत. "खेळ तू. पण दर स्टेजला लिही. कितीला बसलीस आणि बसायच्या आधी काय चाललं होतं."

तीन आठवडे लिहिलं. न खेळण्याची सक्ती नव्हती म्हणून खरं लिहिलं गेलं. आणि जे दिसलं त्याने मी हादरले. दिवसातली पहिली मॅच जवळजवळ नेहमी अशा वेळी सुरू झालेली होती: एम-थ्रीची वही उघडून पाच-सात मिनिटं झाल्यावर, वर्गातल्या मैत्रिणीच्या प्लेसमेंटचा मेसेज वाचल्यावर, "झालं का गं शिक्षण?" असा मामीचा फोन आल्यावर. मजा वाटते म्हणून बसले, अशी नोंद तीन आठवड्यांत दोनदाच होती. बाकी सगळ्या मॅच लाज वाटल्यावरच्या होत्या.

म्हणून सांगते, मोबाईल काढून घेतलात तर ती लाज तशीच राहील, आणि ती विसरायला मूल दुसरी जागा शोधेल. मी शोधलीच होती, एका रात्रीत.

पुढचं लवकर सांगते, कारण त्यात नाट्य नाही. लातूरमधल्या एका मानसोपचार डॉक्टरांकडे अण्णा मला घेऊन गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे, हे मला तिथे कळलं. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं ही तीन लक्षणं, साधारण वर्षभर टिकलेली. रोज तासभर आवडीने खेळणारा मुलगा यात बसत नाही, तेव्हा त्याला उगाच व्यसनी म्हणू नका. डॉक्टरांनी माझ्या नैराश्यावर आधी उपचार केले. आज तुम्हाला कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत 2014 पासून याच प्रश्नासाठी वेगळं क्लिनिक आहे.

मी दहा वाजताची वेळ भरली. अभ्यास मॅचएवढाच, अर्धा तास, आणि तो स्वयंपाकघरात, आई भाजी निवडत असताना. एकटीने वही उघडायची नाही हा एकच नियम. पहिले दोन आठवडे वाईट गेले. गेममध्ये शत्रूच्या पावलांचा कानोसा घ्यावा लागतो. घरात कुणी चाललं तरी माझे कान आवाजाची दिशा शोधायचे. हात थरथरायचे, आईवर ओरडायचे. जुलै 2021 मध्ये तोच गेम नव्या नावाने भारतात परत आला तेव्हा मी चार रात्री खेळले. चारही वे-बिलात लिहिल्या, अण्णांना दाखवल्या आणि गेम काढून टाकला.

एक गोष्ट मी नीट केली, आणि ती तुमच्या मुलालाही करू द्या. मी गुपचूप गायब झाले नाही. डिसेंबरच्या एका रात्री आयुष्यात पहिल्यांदा माइक चालू केला आणि तिघांना सांगितलं की मी मुलगी आहे, माझं वर्ष गेलंय, एम-थ्री राहिलाय आणि उद्यापासून मी येणार नाही. बराच वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मग कोल्हापूरचा थोरला म्हणाला, "अगं, मग आधी सांगायचं की. जा, अभ्यास कर. पेपर झालं की कळव." ज्यांना मी अडीच वर्षं घाबरून आवाज दिला नव्हता, ती ही माणसं होती.

माझी डिग्री 2023 मध्ये झाली, दोन वर्षं उशिरा. पण एम-थ्री त्याच्या आधीच निघाला. ऑनलाईन परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी मार्कांचा फोटो पहिला अण्णांना पाठवला. ते तेव्हा औशाच्या गाडीवर होते. दुसरा त्या तिघांच्या ग्रुपवर टाकला. रात्री दहाला नागपूरवाल्याचं उत्तर आलं: "आता तुझ्याशिवाय सुरू करतो."