कार्लोस दुसऱ्याचा तक्ता: पिढ्यांच्या ओळी मोडीत काढल्या

मंडळी, कार्लोसच्या पूर्वजांचा तक्ता अखेर मार्गी लागला. पूर्ण झालेला नाही, उलट काम वाढलंय. पण जिथे डोकं धरून बसायची वेळ आली होती, ती जागा ओलांडली.

अडचण काय होती ते सांगतो. खाली कार्लोस दुसरा (१६६१–१७००), स्पेनचा शेवटचा हाब्सबर्ग राजा. वर आईबाप, आजीआजोबा असं चढत जायचं. आनेनटाफेल क्रमांक (मूळ माणूस १, प्रत्येकाच्या वडिलांना त्याच्या दुप्पट, आईला दुप्पट अधिक एक) टाकायला घेतले की फिलिप तिसऱ्याला ४ मिळतो आणि १४ पण. बापाकडून तो आजोबा, आईकडून पणजोबा. त्याची राणी मार्गारेट तशीच ५ आणि १५. तिचे वडील, ग्राट्झचे आर्चड्यूक कार्ल, तर १०, २४ आणि ३० अशा तीन ठिकाणी. एकच नाव एका ओळीत दोनदा आलं तर चौकटी जोडून टाकता येतात. इथे माणूसच दोन पिढ्यांत बसलाय. त्याला ठेवायचं कुठल्या ओळीत?

नाव दोनदा लिहिलं की तक्ता सुबक दिसतो, पण मग हा तक्ता काढायचाच कशाला? गुंता दाखवायचा म्हणून तर घेतलाय. सॉफ्टवेअरवर सोपवलं तर ते फिलिप तिसऱ्याला वर ढकलतं आणि कार्लोसच्या बापाकडे, बिचाऱ्या फिलिप चौथ्याकडे, यायची रेषा सगळ्या कागदावरून फिरवून आणतं. बाणांनी जोडून पाहिलं, तर तेरा बाण एकमेकांच्या अंगावर.

मग एका रात्री वाटलं, पिढी हे मापच कशाला हवं? उभ्या अक्षावर जन्मवर्ष घेऊ. प्रत्येकाला एकच चौकट, त्याच्या जन्मवर्षाच्या उंचीवर. देखणा फिलिप १४७८ला सगळ्यात वर, कार्लोस १६६१ला खाली. एका वर्षाला ४ मिमी धरले तर ७३२ मिमी, म्हणजे ए-१ कागदात आरामात.

आणि काय सांगू, तक्ता बोलायला लागला! आतेमामेभावंडांच्या लग्नाच्या रेषा जवळजवळ आडव्या: फेर्डिनांड तिसरा (१६०८) आणि स्पेनची मारिया आना (१६०६) यांच्यात फक्त ८ मिमी. मामा-भाचीची रेषा मात्र घसरगुंडीसारखी. फिलिप दुसरा (१५२७) ते आना (१५४९) ८८ मिमी खाली. कार्लोसचे आईबाप, फिलिप चौथा (१६०५) ते मारियाना (१६३४), तब्बल ११६. ग्राट्झचे कार्ल आणि बाव्हेरियाची मारिया आना ४४. या तिन्ही लाल केल्या. (लाल शाई रॉट्रिंगच्या ड्रॉइंग पेनचीच घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानातला जेल पेन ट्रेसिंग पेपरवर वाळतच नाही, हाताला लागून सगळं फासलं जातं.)

तिन्ही ठिकाणी मामाच आहे, काका एकही नाही, हे रेषा काढताना लक्षात आलं. कारण सरळ आहे. फिलिप दुसऱ्याची बहीण व्हिएन्नाला, हाब्सबर्गांच्या ऑस्ट्रियातल्या शाखेत दिली, तिची लेक माद्रिदला आणली. फिलिप चौथ्याची बहीण व्हिएन्नाला दिली, पुन्हा तिची लेक माद्रिदला. कार्लची बहीण म्युनिकला, तिची लेक ग्राट्झला. प्रोटेस्टंट सून चालणार नाही, दर्जाला खाली उतरायचं नाही, दोन्ही घरांचा दावा घरातच ठेवायचा आणि पोपकडून परवानगी आणायची. मग मुली उरतात किती? कार्लोसच्या दुबळेपणावर पानंच्या पानं लिहिली जातात. मला विचाराल तर लिहायला हवं फिलिप चौथ्यावर. त्याचा वारस बाल्टासार कार्लोस १६४६ मध्ये गेला, तेव्हा मारियाना त्याचीच वाग्दत्त वधू होती. तीन वर्षांनी ४४ वर्षांच्या सासऱ्याने त्या १४ वर्षांच्या भाचीशी स्वतः लग्न लावलं.

आता माझा आवडता भाग. देखण्या फिलिपची बायको हुआना (१४७९) कार्लोसची पूर्वज किती वाटांनी? बोट फिरवत मोजू नका, चुकाल. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा लिहायचा: वडिलांचा अधिक आईचा. हुआनाच्या मुलांना १, तिच्या वंशात नसलेल्यांना ०. फिलिप दुसरा १, आना २, म्हणून फिलिप तिसरा ३. मार्गारेट २, म्हणून फिलिप चौथा ५ आणि त्याची बहीण मारिया आनाही ५. फेर्डिनांड तिसरा ४, म्हणून मारियाना ९. पाच आणि नऊ, १४! २००९ च्या अभ्यासात कार्लोसचा अंतःप्रजनन गुणांक (आईबापांच्या नात्यामुळे दोघांकडून एकच जनुक येण्याची शक्यता) ०.२५४ निघाला होता. नुसत्या मामा-भाचीच्या अपत्याचा ०.१२५ असतो. बाकीचा मागून साचत आला, तो या पेन्सिलीच्या आकड्यांत दिसतो.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. अक्ष काळाचाच आहे, तर प्रत्येक चौकटीखाली आयुष्याची पट्टी का सोडू नये? राज्य केलं तेवढी वर्षं भरीव, बाकी पोकळ. फिलिप दुसरा १५५६–९८, तिसरा १६२१ पर्यंत, चौथा १६६५ पर्यंत, पुढे कार्लोस. भरीव पट्ट्या पायरीपायरीने उतरतील. मारियानाची कारभारी म्हणून १६६५–७५ अशी रेघांची पट्टी. बाल्टासार कार्लोसही मग आलाच, जेमतेम ६ सेंमीचा.

पण आता १७०० पर्यंत जावं लागेल, आणि ४ मिमीने ८८८ होतात; ए-१ची उंची ८४१. म्हणून ३.५ मिमी: ७७७. वर-खाली मिळून ६४ मिमी उरतात, शीर्षक आणि सूची त्यातच कोंबायची. ए-० घेतला असता, पण आमच्याकडचा प्लॉटरवाला ए-०चे जे पैसे सांगतो त्यात रॉट्रिंगचा अख्खा सेट येईल.

खाली जागा झालीच आहे तर बाव्हेरियाचा योसेफ फेर्डिनांडही (१६९२–९९) घेतो. १६९८ मध्ये कार्लोसने त्यालाच वारस नेमलं होतं. सहा वर्षांचं पोर पुढच्याच वर्षी गेलं आणि १७०० मध्ये गादी आंजूच्या फिलिपच्या नावे झाली. योसेफची आजी मार्गारिटा आणि आजोबा लिओपोल्ड म्हणजे पुन्हा भाची-मामा, चौथी लाल रेषा.

अडलंय ते १५२७–२८ला: फिलिप दुसरा, मॅक्सिमिलियन दुसरा आणि त्याची बायको मारिया, बाव्हेरियाचा आल्ब्रेख्त आणि त्याची बायको आना, पाच जण ७ मिमीच्या आत. आडवे पसरले तर आल्ब्रेख्तच्या सुनेची, लॉरेनच्या रेनाटाची, रेषा सगळ्यांना छेदून जाते. बाव्हेरियाचं घर उजव्या कडेला हलवून बघतोय. कोणी आडव्या अक्षाला घराणं लावून पाहिलंय का?