बार्जचा प्रश्न

प्रथम वर्ष बीएस्सीच्या पहिल्या तासाला मुलं ७५ टक्के हजेरीसाठी येतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. 'काही शंका?' विचारलं की माना वहीत जातात. आमच्याकडे नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, वर्षी स्मार्टबोर्ड आला. त्यावर आता तेच पीपीटी अधिक उजळ दिसतात.

मी मात्र पीअर इन्स्ट्रक्शन वापरते. हार्वर्डच्या एरिक माझुर यांनी १९९१ च्या सुमारास भौतिकशास्त्राच्या वर्गात सुरू केलेली पद्धत. प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. मत नोंदवायची क्लिकर यंत्रं नाहीत म्हणून काही अडत नाही. 'एक, दोन, तीन'वर सगळ्यांनी छातीशी धरून बोटं दाखवायची. हात वर केले की मागचे पुढच्यांचं बघून करतात. छातीशी धरलं तर फक्त मला दिसतं. खरी मेहनत प्रश्न शोधण्यात आहे. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तरच चर्चेत दम असतो.

त्या दिवशी विषय आर्किमिडीजचा. प्रश्न असा: बंद गोदीत खनिजाने भरलेली बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट, तरंगते आहे. सगळं खनिज गोदीतच पाण्यात टाकलं, तर पाण्याची पातळी वाढेल, उतरेल की तेवढीच राहील?

जेमतेम एक तृतीयांश मुलं बरोबर होती. म्हटलं, बोला आता. चर्चा सुरू झाल्यावर इंग्रजी आपोआप गळून पडतं. एका बाकावर मराठी, दुसऱ्यावर कोंकणी. पहिल्या बाकावरची हुशार मुलगी मागे वळून ठासून सांगत होती की बुडालेली वस्तू पाणी बाजूला सारते, म्हणून पातळी वाढणारच. दुसरी फेरी घेतली, तर बरोबर उत्तरं आणखी घटली! आत्मविश्वासाने बोललेलं चूक वर्गात किती लवकर पसरतं, ते समोर दिसत होतं.

गोव्यातल्या खाणपट्ट्यातला, डिचोलीकडचा एक मुलगा आहे. खाणी बंद पडेपर्यंत त्याचे वडील बार्जवर होते. तो उठला. "मॅडम, रिती बार्ज पळयल्या मगे तुमी? तांबडो पट्टो पुराय वयर येता." म्हणजे रिकाम्या बार्जचा तांबडा पट्टा पूर्ण वर येतो. भरलेली असते तेव्हा तो पट्टा पाण्याखाली असतो, म्हणजे बार्जने सोडलेली जागा मोठी, आणि तळाला पडलेलं खनिज तेवढी जागा भरत नाही. त्याला घनता हा शब्द आठवला नाही, पण मुद्दा तोच. तरंगताना खनिज स्वतःच्या वजनाइतकं पाणी सारतं, बुडाल्यावर फक्त आकारमानाइतकं. पाण्याहून कितीतरी जड दगडाच्या बाबतीत हा फरक मोठा पडतो.

उत्तर मी सांगितलं नाही. कँटीनमधून टब मागवला, स्टीलच्या डब्यात वर्कशॉपचे नटबोल्ट भरून तरंगवला, मार्करने रेघ मारली. नटबोल्ट पाण्यात सोडले तशी पातळी रेघेखाली गेली. असा कल्ला झाला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. त्यांचे तास शांत असतात. झोपलेला वर्गही शांतच असतो म्हणा.

सत्राच्या फीडबॅकमध्ये पहिल्या बाकावरच्या त्याच मुलीने लिहिलं: मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात. हार्वर्डमध्येच २०१९ साली याचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सक्रिय वर्गात मुलं चाचणीत जास्त गुण मिळवतात, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटतं. विभागप्रमुखांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, कार्यवाही अहवालात 'नोट्स दिल्या जातील' असं लिहून टाका.

नोट्स देईन, त्यात काय. पण आयएसएचे, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षेचे, पेपर तपासल्यापासून वेगळंच डोक्यात घोळतंय. तिथे मी तोच प्रश्न फिरवला होता: खनिजाऐवजी लाकडाचे ओंडके. ते पाण्यातही तरंगतात, म्हणून पातळी तेवढीच राहते. तिने चार ओळींत चोख मांडलं. बार्जवाल्या मुलाने लिहिलं, 'उतरेल', आणि खाली पट्ट्याची आकृती काढली. म्हणजे त्या वादातून शिकली ती, आणि तेच तिला मान्य नाही. त्याला जे आधीपासून दिसत होतं, त्याच्या पुढे मी त्याला नेलं का, हे काही सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा दाटपणा. दोघांना एका बाकावर बसवणार आहे. तिला ते आवडणार नाही.