रायफल, शॉटगन की पिस्तूल?

घराच्या रक्षणासाठी यातलं काय घ्यावं, हे मला सारखं विचारलं जातं. नेमबाजी शिकवते म्हटल्यावर ते साहजिकच आहे. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेलं असतं: शॉटगन. का, तर छर्रे पसरतात, नेम धरावा लागत नाही.

म्हणून आधी शॉटगनबद्दलच सांगते. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) नेहमीच्या काडतुसात मोठे छर्रे आठ-नऊच असतात, प्रत्येक साधारण 8.4 मिलिमीटरचा. नळीतून ते एकत्रच बाहेर पडतात आणि पुढे जातील तसे हळूहळू पांगतात. खोलीतल्या अंतरावर, म्हणजे चार-पाच मीटरवर, सगळे मिळून फार तर तळहाताएवढी जागा व्यापतात. नव्याने शिकायला आलेल्यांना मी असा झाडलेला कागद हातात देते. मधोमध एक फाटकं भगदाड, कडेला एखाद-दुसरं सुटं भोक, बाकी कागद कोरा. नेम दोन वितींनी चुकला तर सगळे छर्रे भिंतीत जातात. त्यात तिचा धक्का जबर. पंप ॲक्शनची, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून नवं काडतूस आत घ्यायची असेल तर घाबरलेल्या हाताने पंप पुरता मागे ओढला जात नाही. रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवं आत येत नाही, आणि चाप दाबल्यावर नुसता टक् असा आवाज येतो. हे मी चांगल्या धडधाकट माणसांच्या हातून होताना पाहिलंय. ज्यांनी वर्षानुवर्षं शॉटगनच वापरली आहे, त्यांनी खुशाल तीच ठेवावी. इतरांना मी सुचवत नाही.

रायफलचं नाव काढलं की लोक दचकतात, ‘गोळी शेजाऱ्याच्या घरात जाईल’ म्हणतात. शिकारीच्या मोठ्या कॅलिबरबाबत (कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी) ही भीती खरी आहे. पण 5.56 मिलिमीटरची हलकी गोळी साडेतीन-चार ग्रॅमची असते आणि सेकंदाला 900 मीटरच्या आसपास वेगाने जाते. पातळ पार्टिशनला लागली की ती बऱ्याचदा कोलांटते, फुटते आणि तिचा जोर ओसरतो. 9 मिलिमीटर पिस्तुलाची गोळी वजनाने दुप्पट आणि वेगाने निम्म्याहून कमी. ती मात्र अखंड राहून अशा एकामागून एक भिंती पार करू शकते. अर्थात गोळी कोणत्या बनावटीची आहे यावर खूप काही ठरतं. माणसाला थांबवू शकणारी कोणतीही गोळी पातळ भिंतीपलीकडे जाऊ शकते, हे धरूनच चालावं. मुलं कोणत्या भिंतीमागे झोपतात, पलंगापाशी उभं राहिल्यावर दार कोणत्या दिशेला येतं, हे दिवसाउजेडी घरभर फिरून पाहा. माझ्या लेखी हत्यार निवडण्याआधीचं काम हे आहे.

पिस्तूल दिसायला सोपं, चालवायला तिन्हींत अवघड. रायफलला खांद्याचा, गालाचा आणि दोन्ही हातांचा आधार मिळतो. पिस्तुलाला फक्त हातांचा. त्याच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या खुणांमध्ये, जेमतेम 15 सेंटीमीटर अंतर असतं. तिथे 1 मिलिमीटर फरक पडला की 6 मीटरवर गोळी 4 सेंटीमीटर बाजूला जाते, आणि भेदरलेल्या माणसाचा हात मिलिमीटरभरच थरथरत नाही. पिस्तुलाचा खरा फायदा वेगळाच आहे: एक हात मोकळा राहतो. मूल कडेवर घ्यायला, दार उघडायला, पोलिसांना फोन लावायला.

त्यामुळे माझं उत्तर घरागणिक बदलतं. सगळ्यांना एका खोलीत येऊन, दार लावून पोलिसांची वाट पाहता येणार असेल, तर लहान कॅलिबरची हलकी रायफल. शिकायला सोपी, धक्का कमी. मुलांना दुसऱ्या खोलीतून उचलून आणावं लागणार असेल तर पिस्तूल, पण नियमित सराव करणार असाल तरच. आवाजाचंही लक्षात असू द्या. 140 डेसिबेलच्या वरचा एकच दणका कान कायमचा बिघडवू शकतो, आणि तिन्ही हत्यारं ती मर्यादा ओलांडतात. बंद खोलीत रायफल सर्वांत जास्त त्रास देते.

काहीही घेतलंत तरी सोबत चांगला टॉर्च घ्याच. अंधारातली आकृती चोर समजून लोकांनी स्वतःच्या मुलावर, नवऱ्यावर गोळी झाडल्याच्या घटना घडल्या आहेत. समोर कोण आहे हे दिसल्याखेरीज बोट चापावर जाता कामा नये. आणि हत्यार कुलपात हवं. उशीखाली नको, कपाटावर नको, लहान मूल पोचणार नाही असं वाटतं तिथेही नको. झटकन उघडणारी छोटी तिजोरी मिळते. ती परवडत नसेल तर हत्यारही तूर्त घेऊ नका.

एका घरासाठी मात्र मी तिन्हींपैकी काहीच सुचवत नाही: जिथे कोणी मनाने खचलेलं आहे, जगणं नकोसं झाल्याचं बोलतंय. तिथे आधीपासून हत्यार असेल, तर तो माणूस सावरेपर्यंत ते कायद्याने चालेल अशा ठिकाणी घराबाहेर ठेवायला सांगते, आणि दाराला भक्कम अडसर बसवायला सांगते.