अथेनाचे खांब आणि सिराक्यूजचा समुद्र

इटलीच्या सिसिली बेटावर गाडी भाड्याने घेऊन फिरणारे बहुतेक लोक सिराक्यूज या किनाऱ्यावरच्या शहराला एक दुपार देतात. सकाळी कुठल्या तरी बीचवर पोहायचं, ऑर्तीजा या जुन्या शहराच्या बेटावर जेवायचं, चौकात फोटो काढायचे आणि पुढच्या मुक्कामाला निघायचं. आम्ही मुक्काम ऑर्तीजातच ठेवला आणि समुद्राला उरलेला वेळ दिला. तुम्हीही असंच करा, असा माझा आग्रह आहे, आणि त्याला कारण आहे इथल्या कथीड्रलची एक भिंत.

चौकातून पाहिलं की कथीड्रल अगदी बरोक, म्हणजे युरोपातल्या जुन्या भरजरी शैलीच्या, थाटाचं वाटतं. १६९३च्या भूकंपाने अर्धी पूर्व सिसिली पाडली, त्यानंतर हा दर्शनी भाग बांधला. पण त्याच्या डाव्या बाजूच्या गल्लीत शिरलं, की भिंतीतून डोरिक या प्राचीन ग्रीक शैलीचे जाडजूड खांब बाहेर आलेले दिसतात. हे अथेना या ग्रीक देवीच्या देवळाचे खांब. इ.स.पू. ४८० मध्ये हिमेराच्या लढाईत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा पराभव झाला आणि त्यानंतर सिराक्यूजच्या गेलोन राजाने हे देऊळ उभारलं. पुढे सातव्या शतकात ख्रिस्ती लोकांनी ते पाडलं नाही. खांबांमधल्या मोकळ्या जागा दगडाने भरून बाहेरची भिंत केली आणि आतल्या गाभाऱ्याच्या भिंतींना कमानी पाडून मधला लांब सभामंडप मोकळा केला. ८७८मध्ये अरबांनी शहर जिंकलं, तेव्हा इथे मशीद झाली. पुढे उत्तर फ्रान्सकडचे नॉर्मन आले आणि पुन्हा चर्च.

हे सगळं मी आधी वाचलेलं होतं, तरी आत पाऊल टाकल्यावर मी जागच्या जागी थबकले. बाजूच्या अंधाऱ्या ओवरीत ते खांब ओळीने उभे आहेत, काही चक्क कललेले. उभ्या खोबणी इतक्या रुंद की त्यात आख्खा तळहात बसतो. वरच्या भागात खोबणींच्या कडा अजून धारदार आहेत, पण माणसाचा हात पोचतो तिथवर त्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. आम्ही होतो तेव्हा एक म्हातारी बाई भाजीची पिशवी घेऊन आली. पिशवी खांबाच्या बुंध्याशी टेकवली, समोरच्या बाकावर बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि उठताना त्याच खांबाचा आधार घेतला. जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचा दगड, आणि तिच्या लेखी तो उठायला सोयीचा आधार. संग्रहालयात याच खांबाभोवती दोरी असती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते का हे नवऱ्याला तेव्हा नीट सांगता आलं नाही. वापरात असलेली जुनी वास्तू आणि जपून ठेवलेली जुनी वास्तू यांत किती अंतर असतं, ते तिथे कळलं, एवढंच आज म्हणू शकते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर एका क्रूझ जहाजाची माणसं आपापल्या गाईडच्या झेंड्यामागे आत शिरत होती. सकाळी दार उघडताच जावं, हे उत्तम.

बेटावर गाडी मात्र आणू नका. आतला भाग रहिवाशांच्या गाड्यांसाठी राखीव आहे, कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि दंड होतो. बेटाच्या कडेला तालेते नावाचं मोठं पार्किंग आहे. गाडी तिथे ठेवली की ऑर्तीजा पायी हिंडायला छोटंच आहे.

एक सकाळ मुख्य शहराकडच्या पुरातत्त्व उद्यानात गेली. ग्रीक नाट्यगृह भव्य आहेच, पण माझ्या मनात घर केलं ते शेजारच्या दगडाच्या खाणींनी. इ.स.पू. ४१३मध्ये अथेन्सची सेना इथे हरली आणि सात हजारांवर कैदी सिराक्यूजच्या खाणींत कोंडले गेले. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने लिहून ठेवलंय की आठ महिने त्यांना माणशी दिवसाला जेमतेम पाव लिटर पाणी आणि त्याच्या दुप्पट धान्य मिळत होतं. आज तिथे लिंबू-संत्र्यांची झाडं आहेत, गार सावली आहे. लोक तिथे आईस्क्रीम खात बसतात. मला घास गिळवेना.

आता समुद्र. गाडी खरी उपयोगी पडते ती इथे. दक्षिणेला आरेनेल्ला आणि फोंताने बियांके हे किनारे जवळच आहेत. पांढरी वाळू, उथळ निळं पाणी, आणि त्यावर ओळीने खाजगी छत्र्या आणि खुर्च्या. इटलीत किनारा सरकारचा असतो आणि पाण्याच्या कडेची पाच मीटरची पट्टी ये-जा करायला सगळ्यांना मोकळी ठेवावी लागते. पण त्यामागची वाळू परवान्याने दिलेली, त्यामुळे फुकट बसायला उरतो तो कोपऱ्यातला खडकाळ तुकडा. गुहागरच्या किनाऱ्यावर हवी तिथे फतकल मारून बसायची सवय असलेल्या माणसाला हे पचत नाही. आम्ही पैसे भरले, बसलो, आणि मी दिवसभर चिडलेलीच राहिले.

तो राग उतरला वेंदिकारीला. नोतो गावाच्या पुढचं हे पाणथळ राखीव क्षेत्र, १९८४मध्ये जाहीर झालेलं. गाडी बाहेर ठेवायची आणि उन्हातून चालत जायचं. वाटेत सावली जवळजवळ नाही, तेव्हा पाणी भरपूर घ्या. उथळ खाजणात रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते. पुढे कालामोस्के हा दोन खडकांच्या मधला छोटा किनारा. तिथे खुर्च्या नाहीत, छत्र्या आपल्या आपण आणायच्या. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, पाणी अजून कोमट होतं. एका सिसिलियन कुटुंबाने आम्ही ऊन खात बसलेलो बघून हाताने खूण केली, आपली छत्री सरकवली आणि कापलेल्या कलिंगडाच्या फोडी पुढे केल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला इटालियन. दुपार त्यांच्याच सावलीत गेली.

नोतो आणि मार्झामेमी ही जवळची गावंही बघितली. छान आहेत. पण वेळ कमी असेल तर ते सोडा आणि ऑर्तीजात एक रात्र जास्त राहा.