काळ्या मातीसाठी गाडी: थार, गुरखा की जिम्नी?

मंडळी, मागच्या नोंदीत कच्च्या वाटांवर भटकायला घ्यायच्या या तीन फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांवर येऊन थांबलो होतो. आता ठरलं: जिम्नी, मॅन्युअल. कारणं सविस्तर लिहितो, कारण सह्याद्रीत गाड्या चालवणाऱ्यांचे सल्ले आपल्या विदर्भात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिकडे दगड आणि मुरूम, इकडे कापसाची काळी माती.

पावसाची एक दमदार सर आली की ही माती टायरच्या खाचांत भरते आणि खोल नक्षीचा टायरही गुळगुळीत होतो. अरुंद टायर चिखल कापून खालच्या कडक थरापर्यंत पोचतो म्हणतात, पण मीटरभर खोल काळ्या मातीत तो थर लागणार कधी? तिथे वरच्या वर तरंगत निघणंच बरं, आणि त्यासाठी वजन कमी हवं. जिम्नी सव्वा टनाच्या आत आहे, डिझेल थार पावणेदोन टनांच्या आसपास. उमरेडकडच्या ओल्या पांदणीवर जिम्नी चालवून पाहिली. टायरची हवा १८ पीएसआयवर आणली, फोर-एल (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारी सोय) टाकलं, दुसऱ्या गिअरमध्ये सोडली. न थांबता निघाली. मन तिथेच बसलं.

तिच्यात खरं डिफ लॉक, म्हणजे एका आसाची दोन्ही चाकं सारखीच फिरायला लावणारी सोय, नाही, हे मात्र समजून घ्या. एखादं चाक नुसतंच फिरायला लागलं की यंत्रणा त्याला ब्रेक लावते आणि जोर त्याच आसावरच्या दुसऱ्या चाकाकडे जातो. म्हणजे आधी चाक फिरू द्यावं लागतं. घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर काहीच होत नाही. पाय स्थिर ठेवून क्षणभर धीर धरायचा. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे हाताने लावायचे डिफ लॉक आणि स्नॉर्कल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी) कंपनीतूनच मिळतात. मेळघाटाच्या खडकाळ वाटांसाठीच गाडी घ्यायची असती तर डोळे मिटून तीच घेतली असती.

थार ६५० मिलीमीटर पाण्यातून जाते, हा आकडा सगळे सांगतात. तो साचलेल्या पाण्याचा हिशोब आहे. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर कुठलीच गाडी घालू नका, हलकी तर मुळीच नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वेळी अलीकडेच मुक्काम करायचा.

जिम्नीची खरी अडचण सामानाची. भरलेल्या गाडीची मर्यादा १५४५ किलो, म्हणजे माणसं धरून ३४० किलोच्या आसपास हाती राहतात. आम्ही दोघंच असल्यामुळे मागची सीट पाडून तंबू, पाण्याचे कॅन, शेगडी सगळं बसतं. टपावरचा तंबू बाद केला. वजन वर गेलं की तिरप्या उतारावर गाडी डोलते. टाकी ४० लिटरची, आणि फोर-एलमध्ये पेट्रोल भराभर उडतं. नागपूरच्या ४५ अंशांत गाडीत पेट्रोलचे कॅन ठेवायचे नाहीत, हे पक्कं. गडचिरोलीपलीकडे जाताना वाटेत पंप दिसला की टाकी भरून घ्यायची, अर्धी रिकामी व्हायची वाट बघायची नाही.

आता कंप्रेसर घ्यायचाय. हवा कमी करून चिखल पार केला, तरी डांबरी लागल्यावर ती परत भरल्याशिवाय वेग घेता येत नाही. बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडायचा प्रकार बघतोय, लायटरच्या सॉकेटवर चालणारे फार तापतात. कुणी उन्हाळ्यात सलग चार टायर भरून पाहिले असतील तर मॉडेल सांगा.