आमची वाटचाल: नाटकातल्या उजेडाचं काम

लग्नसमारंभ आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांना पडदे, प्रोजेक्टर आणि साऊंड भाड्यानं देणं हा आमचा मूळ धंदा. घर आजही त्याच कामावर चालतं. पण नागपुरात आता लोक आम्हाला ओळखतात ते नाटकांच्या प्रोजेक्शन मॅपिंगसाठी. विदर्भातल्या हौशी संस्थांचे फोन येतात, प्रश्न बहुतेक सारखेच असतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

साध्या प्रोजेक्शनमध्ये कोऱ्या, सपाट पडद्यावर चित्र पडतं. मॅपिंगमध्ये ते खऱ्या वस्तूवर पडतं: वाड्याच्या खांबावर, जिन्याच्या पायऱ्यांवर, तुळशीवृंदावनावर. प्रत्येक पृष्ठभागाचे कोपरे सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे पकडायचे आणि चित्र त्या आकारात वाकवायचं, म्हणजे खांबाचं चित्र खांबावरच राहतं, मागे सांडत नाही. यंत्रं नवी असली तरी ओढ जुनी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९०च्या दशकात काचेवर रंगवलेली चित्रं दिव्यानं पडद्यावर पाडून हलती दाखवायचे; त्या खेळाचं नाव शांबरिक खरोलिका. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १९६९ साली भूतबंगला उघडला, तिथे दगडी वाटणाऱ्या पुतळ्यांच्या तोंडावर गाणाऱ्या माणसांचे चित्रित चेहरे पाडले होते. पुतळ्याच्या नाकावर बरोब्बर नाक बसवायचं, हेच आमचं रोजचं काम.

नाटकाकडे आम्हाला ओढून आणलं ते राज्य नाट्य स्पर्धेच्या तयारीत असलेल्या एका हौशी संस्थेनं. पडका वाडा, दुसऱ्या अंकात भिंतीचे पोपडे सुटत जातात, अशी दिग्दर्शकाची कल्पना. नेपथ्यकारानं फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती म्हणून उभ्या केलेल्या चौकटी, सुरेख रंगवले होते, गडद तपकिरी. प्रोजेक्टर लावला आणि सेटवरचे सुतारकाका म्हणाले, "भाऊ, उजेड तं पडून राह्यला, पण भिंत काही दिसून नाही राह्यली." गडद रंग उजेड पिऊन टाकतो, परत फारसा काही देत नाही. त्या दिवशी त्यांनी जे एका वाक्यात सांगितलं, त्यावर आमचं पुढचं सगळं काम उभं आहे. उजेड टेकायला जागा लागते, आणि ती नेपथ्यकारासोबत बसूनच ठरवावी लागते.

तेव्हापासून आम्ही सेटचा आराखडा निघायच्या आधीच तालमीला जाऊन बसतो. फ्लॅटला चमक नसलेला फिकट राखाडी रंग मागतो. पांढराशुभ्र नको, तो रंगमंचावरचा सगळा उजेड पकडतो आणि काळोखातही डोळ्यांत भरतो. विटा, कोनाडे, महिरप यांना खरा उठाव हवा असला की आम्ही चितारओळीत जातो. पिढ्यान्‌पिढ्या गणपती घडवणारे तिथले कारागीर बांबू, कापड आणि मातीच्या लेपातून असा कोनाडा करून देतात की त्यावर नुसती सावली सरकवली तरी संध्याकाळ झाल्यासारखी वाटते. मुंबईहून मागवलेल्या कुठल्याही सामानापेक्षा मला त्या कामाचा अभिमान जास्त आहे.

दुसरी गाठ प्रकाशयोजनेशी. २४ फूट रुंद आणि १५ फूट उंच भिंत म्हणजे साधारण ३३ चौरस मीटर. ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून निघणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा. १०,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर त्या भिंतीवर जेमतेम ३०० लक्स उजेड देतो. समोरून दोन हॅलोजन लागले की चित्र धुऊन निघतं. म्हणून प्रकाशयोजनाकाराला आमची विनंती असते, नटांना विंगेतून, बाजूनं उजेड द्या आणि नटाला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे ठेवा. याला सगळे राजी होत नाहीत, आणि त्यांचंही चुकत नाही, कारण बाजूच्या उजेडात चेहऱ्याचे भाव अर्धे हरवतात. मग प्रत्येक प्रवेशावर बोलणी होतात. तिथे आमचा नियम ठरलेला आहे: नटाचा चेहरा की आमचं चित्र, असा प्रसंग आला तर चित्र मागे घ्यायचं. बोलणाऱ्या नटाच्या कपाळावर वीट उमटली की प्रेक्षक वाक्य ऐकत नाही.

हलत्या चित्रांबद्दलही आमचं मत पक्कं आहे. नजर आधी हलणाऱ्या गोष्टीकडे जाते, म्हणून स्वगत चालू असताना भिंत स्थिर ठेवायची. पोपडे सुटायचे ते दोन वाक्यांमधल्या शांततेत. आणि ती शांतता रोज सारखी नसते. नट एका प्रयोगात तीन सेकंद थांबेल, दुसऱ्यात आठ. म्हणून आम्ही अखंड व्हिडिओ कधीच लावत नाही. छोटे तुकडे करतो, फिरत राहतील असे, आणि संहिता हातात धरून बसलेला आमचा मुलगा नटाचा श्वास ऐकून पुढचा क्यू देतो, म्हणजे पुढचा तुकडा सुरू करतो. तो मुलगा तालमीत सुरुवातीपासून असतो. ऐन प्रयोगाच्या दिवशी बाहेरचा ऑपरेटर बसवायला आम्ही सरळ नकार देतो.

काळोखाची अडचण वेगळीच. प्रोजेक्टरला खरा काळा रंग दाखवता येत नाही. काळी फ्रेम दिली तरी भिंतीवर करडा चौकोन दिसत राहतो आणि ब्लॅकआऊट फसतो. महागड्या यंत्रांत त्यासाठी आतच शटर असतं. आम्ही लेन्ससमोर दोरीनं पडणारी पुठ्ठ्याची झडप बसवली, ती आजही चालते.

नागपूरचं ऊन हा या धंद्यातला कायमचा भागीदार. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बहुतेक प्रोजेक्टर ४० अंशांपर्यंतच चालायला बनवलेले असतात. वर बांधलेलं यंत्र खालच्यापेक्षा आणखी तापतं. त्यामुळे उन्हाळ्यात सभागृहाचं एसी प्रयोगाच्या किती आधी सुरू होणार, हे विचारल्याशिवाय आम्ही तारीख घेत नाही. फिल्टरमधली धूळ प्रत्येक प्रयोगाआधी काढतो.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडसा-देसाईगंजकडे, दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात. तिथून बोलावणं आलं की मी आनंदानं जातो. मंडपात जनरेटरवर काम करायचं तर ऑनलाईन यूपीएस, म्हणजे वीज क्षणभरही तुटू न देणारा बॅटरीचा संच, हवाच. व्होल्टेज हललं की प्रोजेक्टर बंद पडतो आणि परत उजेड यायला वेळ लागतो, तोवर गावाला थांबवून ठेवता येत नाही. तिथले रंगवलेले पडदे आम्ही झाकत नाही. त्या पडद्यावरच्या नदीवर नुसती पाण्याची चमक टाकली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजी शेजारणीला कोपरानं ढोसून दाखवत होत्या.

पैशाचं स्पष्ट सांगतो. हौशी संस्थेच्या बजेटमध्ये हे काम बसत नाही. लग्नसराईत यंत्रं जे कमावतात त्यातून आम्ही नाटकाचा दर कमी ठेवतो आणि तालमीतल्या बसण्याचे पैसे लावत नाही. बदल्यात एकच मागणं आहे. फ्लॅटना रंग लागायच्या आधी या. संहिता आणा, नेपथ्यकाराला आणा, सभागृहाचं नाव सांगा. प्रोजेक्टर कुठे टांगता येईल, लेन्स कुठली लागेल, हे त्यावरून ठरतं. आणि दिग्दर्शकाला विचारून ठेवा की कुठल्या प्रवेशात भिंत कोरीच राहिलेली चालेल.